घरच्या इंटरनेट जोडणीची निवड : व्यवहारगणिताचा एक पाठ
(इयत्ता सातवी, तासिका तीन)

प्रास्ताविक

खेडेगावात शिक्षकाकडे लोक केवळ मुलांच्या अभ्यासाविषयी विचारण्यास येतात असे नाही. बँकेचा अर्ज, विम्याचा कागद, वीजबिलातील न समजलेला आकडा अशा अनेक बाबतींत शिक्षकाचा शब्द घेतला जातो. यांत अलीकडे आणखी एका बाबीची भर पडली आहे. ‘गुरुजी, घरी वाय-फाय घ्यायचे आहे, कोणता प्लॅन घ्यावा?’ असा प्रश्न पालक विचारतात. आणि शिक्षक बहुधा आपल्या स्वतःच्या घरी जी जोडणी आहे तिचे नाव सांगून मोकळे होतात. हे उत्तर सद्भावनेने दिलेले असले तरी ते पुरेसे नव्हे. शिक्षकाचे बिऱ्हाड गावठाणात किंवा तालुक्याच्या गावी असते. पालकाची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर शेतात असते. एकाच्या घरी जे उत्तम चालते ते दुसऱ्याच्या घरापर्यंत पोचतच नाही, असे नित्य घडते.

ही निवड चुकली तर होणारे नुकसान लहान नसते. वर्षाचे पैसे आगाऊ भरून बसलेल्या शेतकरी कुटुंबाला ते सहजासहजी परत मिळत नाहीत. त्याहून मोठे नुकसान मुलाचे होते. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असता पाठ मोबाइलवरून पाठविले जात. त्या वेळी घरातील एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर शेतावर गेल्यामुळे ज्यांचा अभ्यास खंडित झाला, अशी मुले प्रत्येक शाळेच्या पटावर होती. आजही ‘दीक्षा’वरील पाठ पाहणे, पाठ्यपुस्तकाची प्रत उतरवून घेणे, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणे या गोष्टी घरातील जोडणीवर अवलंबून आहेत. यास्तव या विषयाचे ज्ञान मुलांना शाळेतच, आणि तेही गणिताच्या द्वारे, देणे अगत्याचे आहे. मूल घरी जाऊन हिशेब मांडू लागले, म्हणजे पालकांसही त्याचा लाभ आपोआप मिळतो.

संपूर्ण पाठाचे सार तीन शब्दांत सांगता येईल : आधी गरज, मग वाट, शेवटी दाम. आपल्या घराला किती हवे ते प्रथम मोजावे. आपल्या घरापर्यंत कोणती वाट खरोखर पोचते ते नंतर पाहावे. आणि जे पोचते त्यातच दामाची तुलना करावी. जाहिरात हा क्रम नेमका उलटा करते. तीत दाम मोठ्या अक्षरांत असतो, वाट गृहीत धरलेली असते आणि गरजेचा विचार ग्राहकाने करावा अशी अपेक्षाच नसते.

पाठाचे हेतू

१. मेगाबिट व मेगाबाइट ही परिमाणे समजणे व त्यांचे परस्पर रूपांतर करता येणे.
२. कुटुंबाच्या महिन्याच्या गरजेचा अंदाज गणिताने काढता येणे.
३. शेकडेवारीचा उपयोग करून दोन किंवा अधिक योजनांचा एकूण खर्च काढता येणे.
४. जाहिरातीतील आकडा आणि अनुभवास येणारी वस्तुस्थिती यांतील भेद ओळखण्याची सवय लागणे.

पूर्वतयारी

शिक्षकांनी दोन-तीन जाहिरातींची कात्रणे किंवा हस्तपत्रके जमवावी. त्यांवरील कंपन्यांची नावे कापून टाकून त्या जागी ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी अक्षरे लिहावी. शाळेने कोणत्याही एका कंपनीची शिफारस करणे योग्य नव्हे. शाळेचे काम पद्धती शिकविण्याचे आहे. पाठाच्या आठ दिवस आधी विद्यार्थ्यांकडून एक टिपण करून घ्यावे : घरी रोज कोण, किती वेळ आणि कशासाठी मोबाइलवर किंवा टीव्हीवर इंटरनेट वापरतो. ज्यांच्या घरी जोडणी नाही, त्यांनी मोबाइलच्या वापराचे टिपण करावे. ज्यांच्या घरी तोही नाही, अशा विद्यार्थ्यांना शेजारच्या घराचे टिपण करण्यास सांगावे व त्यांना कमीपणा वाटणार नाही याची दक्षता घ्यावी.

तासिका पहिली : गरज

प्रारंभी पुढील प्रश्न विचारावे.

प्रश्न : विहिरीवरची मोटार किती पाणी देते, हे आपण कसे सांगतो?
अपेक्षित उत्तर : एका तासात किती लिटर पाणी पडते त्यावरून.
प्रश्न : आणि दिवसभरात एकूण किती पाणी लागले, हे कसे काढतो?
अपेक्षित उत्तर : तासाचे पाणी गुणिले तास.

यावरून दोन निरनिराळ्या गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवाव्या. इंटरनेटचा ‘वेग’ म्हणजे दर सेकंदाला येणारी माहिती. आणि ‘डेटा’ म्हणजे महिनाभरात आलेली एकूण माहिती. वेग हा पाण्याच्या धारेसारखा असून डेटा हा हौदात जमलेल्या पाण्यासारखा आहे. जाहिरातीत या दोन्ही आकड्यांची सरमिसळ होते, म्हणून हा भेद प्रथमच स्पष्ट करावा.

यानंतर परिमाणे सांगावी. वेग हा ‘मेगाबिट प्रति सेकंद’ या परिमाणात सांगतात. त्यालाच व्यवहारात ‘एमबीपीएस’ म्हणतात. डेटा मात्र ‘मेगाबाइट’ (एमबी) किंवा ‘गिगाबाइट’ (जीबी) या परिमाणात मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ४० एमबीपीएस वेग म्हणजे सेकंदाला ४० मेगाबाइट नव्हे. ४० ला ८ ने भागून येणारे ५ मेगाबाइट होत. पुष्कळ सुशिक्षित माणसेही येथे चुकतात.

फलकावर उदाहरण सोडवावे. एका पाठ्यपुस्तकाची प्रत १०० मेगाबाइटची आहे असे समजू. म्हणजे १०० × ८ = ८०० मेगाबिट. ४० एमबीपीएस वेगाने ती उतरवून घेण्यास ८०० ÷ ४० = २० सेकंद लागतील; २ एमबीपीएस वेगाने ८०० ÷ २ = ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद लागतील. येथेच हेही सांगावे की, ‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा सरकारी अर्थ काळानुसार बदलत आला आहे. भारतात २००४ च्या धोरणाप्रमाणे किमान २५६ किलोबिट प्रति सेकंद वेग असलेल्या जोडणीस हे नाव देत. २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ पासून ती २ मेगाबिट करण्यात आली. म्हणजे ‘ब्रॉडबँड’ हा नुसता शब्द ऐकून वेग कळत नाही. आकडा विचारलाच पाहिजे.

आता कुटुंबाच्या गरजेचा हिशेब घ्यावा. साधारण स्पष्टतेचे चलच्चित्र मोबाइलवर पाहण्यास सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट माहिती लागते. तासाचे सेकंद ३,६००. म्हणून एका तासास १.५ × ३,६०० ÷ ८ = ६७५ मेगाबाइट डेटा खर्च होतो. समजा, घरातील मूल रोज दीड तास पाठ पाहते व वडीलमंडळी मिळून दोन तास बातम्या, शेतीविषयक माहिती व करमणूक पाहतात. एकूण साडेतीन तास. ३.५ × ६७५ = २,३६२.५ मेगाबाइट, महिन्याचे सुमारे ७१ जीबी. निरोप, छायाचित्रे, व्हिडिओ कॉल, ऑनलाइन अर्ज इत्यादींसाठी आणखी २९ जीबी धरले तर महिन्याची गरज १०० जीबी ठरते.

या उत्तरावरून विद्यार्थ्यांकडून दोन निष्कर्ष काढून घ्यावे. पहिला : मोबाइलवरील रोज २ जीबीचे रिचार्ज ३० दिवसांत ६० जीबी देते, ते या कुटुंबास पुरणार नाही. दुसरा : घरच्या योजनेत महिन्यास ३,३०० जीबी दिले आहेत असे मोठ्या अक्षरांत छापले असले, तरी ते या घराच्या गरजेच्या ३३ पट आहेत. जे वापरलेच जाणार नाही, त्यासाठी जास्त दाम मोजण्यात शहाणपण नाही. मात्र घरी मोठ्या टीव्हीवर स्पष्ट चित्र पाहण्याची सवय असेल तर हिशेब बदलतो. अशा चित्रास सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला सव्वादोन जीबी, आणि रोज चार तास टीव्ही चालला तर महिन्यास २७० जीबी. ज्याने त्याने आपल्या घराचा आकडा काढावा, दुसऱ्याचा उतरवून घेऊ नये.

वेगाची गरजही याच रीतीने काढावी. एकाच वेळी मुलाचा पाठ १.५, आईचा मोबाइल १.५ आणि थोरल्या भावाचा व्हिडिओ कॉल २, अशी बेरीज ५ एमबीपीएस येते. अडचणीच्या वेळेसाठी दुप्पट धरली तरी १० झाली. म्हणून सामान्य कुटुंबास ३० किंवा ४० एमबीपीएसची योजना भरपूर आहे. या घराने १०० किंवा ३०० च्या आकड्यास भुलण्याचे कारण नाही. ‘अमर्याद’ हा शब्द दिसला की खालची बारीक अक्षरे वाचण्यास विद्यार्थ्यांना शिकवावे. पुष्कळ योजनांत ठरावीक डेटा संपल्यावर जोडणी चालू राहते, परंतु वेग एकदम उतरतो. तो किती उतरतो हे त्या बारीक अक्षरांत असते.

तासिका दुसरी : वाट

गरज कळल्यावर ती भागविणारी वाट कोणती, हा प्रश्न येतो. येथे शिक्षकांनी जिल्ह्याचा नकाशा वर्गात लावावा. २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेला हा पूर्वीचा अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. एवढ्या विस्तारात भूमी एकसारखी नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर व सह्याद्रीच्या रांगा आहेत. प्रवरा व गोदावरीच्या पाटपाण्याखालील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या भागांत लोक शेतातील वस्त्यांवर विखरून राहतात. पाथर्डी, जामखेड, कर्जत या अवर्षणाच्या तालुक्यांत गावे एकमेकांपासून लांब आहेत. म्हणून जिल्ह्यातील सर्व घरांना एकच वाट सोईची असणे शक्य नाही.

पहिली वाट ऑप्टिकल फायबरची. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या द्वारे माहिती धाडली जाते. पाऊस किंवा ढग यांचा प्रकाशावर परिणाम होत नाही, म्हणून ही वाट सर्वांत भरवशाची. परंतु तंतू तुटला की सारेच बंद पडते. आणि रस्त्याच्या कामातील जेसीबी, पाइपलाइनसाठी खणलेला चर किंवा वादळात पडलेला खांब यांमुळे तो तुटतो. तुटल्यावर जोडणारा माणूस किती लवकर येतो यावर या वाटेची खरी किंमत ठरते. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तथापि तंतू ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आला म्हणजे घरात आला असे होत नाही. कचेरीपासून घरापर्यंतचे अंतर कोण भरून काढणार, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो ग्रामपंचायतीत व गावच्या केबलवाल्याकडे जाऊन विचारावा.

दुसरी वाट बिनतारी. मोबाइलच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी घराच्या छतावर बसविलेले यंत्र पकडते व घरात वाय-फाय देते. ‘एअर फायबर’ या नावाने अशी सेवा २०२३ पासून भारतात दिली जाऊ लागली. तारेची गरज नसल्याने वस्तीवरील घरास ही सोईची आहे. परंतु मनोरा व घर यांच्यामध्ये डोंगराची धार, टेकाड किंवा दाट झाडी आली की लहरी अडतात. ‘फायबर’ हा शब्द नावात असला तरी घरापर्यंत काचेचा तंतू येत नाही, हे आवर्जून सांगावे.

तिसरी वाट उपग्रहाची. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. विचारणा वर जाऊन खाली येणे व उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणे, असे चार फेऱ्यांचे अंतर १,४४,००० किलोमीटर होते. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर. म्हणून जवळजवळ अर्धा सेकंद विलंब होतो व संभाषण अडखळते. नव्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब नगण्य होतो. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक कंपनीस जून २०२५ मध्ये भारत सरकारने परवाना दिला. जेथे तारही नाही व मनोऱ्याच्या लहरीही नाहीत, अशा डोंगरी पाड्यांपुरताच या वाटेचा विचार करावा. कारण या सेवेचे यंत्र महाग असते.

आता पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्यावे. पाटाला पाणी सुटले तरी चारीच्या तोंडाशी असलेल्या शेताला मिळणारे पाणी आणि शेवटच्या टोकाच्या शेताला मिळणारे पाणी सारखे नसते. वरच्या अंगाला सर्वांनी एकदम दारे मोडली की शेवटच्यास वाट पाहावी लागते. इंटरनेटचेही तसेच आहे. एकच मुख्य जोडणी अनेक घरांत वाटली जाते. पहाटे वेग पुरा मिळतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास सर्वांच्या घरी टीव्ही सुरू झाले म्हणजे तो उतरतो. म्हणूनच जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द असतो. ‘४० एमबीपीएसपर्यंत’ याचा अर्थ ४० मिळेलच असा नसून, त्याहून अधिक मिळणार नाही, असा आहे.

यावर उपाय एकच : विचारणे व मोजणे. ज्या घरी ती जोडणी आहे अशा, आपल्याच बाजूच्या दोन घरी जावे. सकाळी ७, दुपारी १ व रात्री ९ वाजता वेग मोजून सात दिवस तक्त्यात लिहावा. वेग मोजण्याची सोय मोबाइलवर विनामूल्य आहे. बिनतारी योजना घ्यावयाची असेल, तर त्याच कंपनीचे सिम असलेला मोबाइल घेऊन आपल्या छतावर उभे राहून पाहावे. याला एक पैसाही लागत नाही. शिवाय शेजाऱ्यास तीन प्रश्न विचारावे : गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होते? तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला? वीज गेल्यावर काय होते?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. घरातील वाय-फायचे यंत्र विजेवर चालते. वीज गेली की फायबर शाबूत असूनही जोडणी बंद पडते. गावठाणातील वीज व शेतीपंपांची वीज यांच्या वेळा निराळ्या असल्याने वस्तीवरील घराने हा विचार आधी करावा. यंत्रास सुमारे १५ वॅट लागतात असे धरले, तर २४ तासांत ०.३६ युनिट व महिन्यात १०.८ युनिट वीज लागते. यंत्र लहान असल्याने ते काही तास चालविणारी छोटी बॅटरीही पुरते. तिची किंमत खर्चात धरावी.

तासिका तिसरी : दाम

शिक्षकांनी पुढील तीन कल्पित योजना फलकावर लिहाव्या. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि जाहिरातीतील दरात तो बहुधा धरलेला नसतो, ही गोष्ट प्रथम सांगावी.

योजना अ (फायबर) : महिना ४०० रुपये अधिक जीएसटी, यंत्राची किंमत एकदाच १,५०० रुपये, करासह.
योजना ब (बिनतारी) : महिना ५०० रुपये अधिक जीएसटी, बसविण्याचा खर्च एकदाच १,००० रुपये, करासह.
योजना क (फायबर) : पहिले तीन महिने ‘फक्त ३०० रुपये’, पुढे ५५० रुपये, यंत्राचे भाडे महिना ५० रुपये, सर्वांवर जीएसटी, परत मिळणारी अनामत १,००० रुपये.

प्रथम विद्यार्थ्यांना, आकडेमोड न करता, सर्वांत स्वस्त कोणती ते विचारावे. बहुतेक जण ‘क’ म्हणतील. ती उत्तरे फलकाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी व मग हिशेब करवून घ्यावा.

अ : ४०० चे १८ टक्के ७२, महिना ४७२, वर्षाचे ५,६६४. यंत्रासह पहिले वर्ष ७,१६४. दोन वर्षांचे १२,८२८.
ब : ५०० चे १८ टक्के ९०, महिना ५९०, वर्षाचे ७,०८०. बसविण्याच्या खर्चासह पहिले वर्ष ८,०८०. दोन वर्षांचे १५,१६०.
क : ३०० × ३ = ९००; ५५० × ९ = ४,९५०; भाडे ६००; बेरीज ६,४५०; जीएसटी १,१६१; पहिले वर्ष ७,६११. दुसऱ्या वर्षी (५५० + ५०) × १२ = ७,२००, जीएसटी १,२९६, एकूण ८,४९६. दोन वर्षांचे १६,१०७. अनामत वेगळी.

पहिल्या वर्षी ‘क’ दुसऱ्या क्रमांकावर होती. दोन वर्षांत ती सर्वांत महाग ठरली. आरंभीचा अल्प दर हे आमिष असून खरा दर चौथ्या महिन्यापासून सुरू होतो. म्हणून निदान दोन वर्षांचा हिशेब केल्याविना योजना ठरवू नये, हा नियम विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावा.

यानंतर वस्तीवरील घराचा प्रश्न घ्यावा. एक वस्ती गावठाणापासून १,२०० मीटरवर आहे. तेथवर फायबर नेण्यास ‘अ’ योजनेचा चालक तारेचे व खांबांवर ओढण्याचे मीटरला १२ रुपये मागतो असे समजू. खर्च १,२०० × १२ = १४,४०० रुपये. एकट्या घराने तो केला तर तीन वर्षांचा एकूण खर्च १२,८२८ + ५,६६४ + १४,४०० = ३२,८९२ रुपये होतो. ‘ब’चा तीन वर्षांचा खर्च १५,१६० + ७,०८० = २२,२४०. साहजिकच ‘ब’ स्वस्त. परंतु वस्तीवरील चार घरांनी मिळून तार आणली तर प्रत्येकाच्या वाट्यास १४,४०० ÷ ४ = ३,६०० रुपये येतात व ‘अ’चा तीन वर्षांचा खर्च २२,०९२ रुपये होतो. म्हणजे तो ‘ब’पेक्षा १४८ रुपयांनी कमीच, आणि चौथ्या वर्षापासून दर वर्षी १,४१६ रुपयांची बचत.

या गणिताचे तात्पर्य आकड्यांपुरते नाही. एकट्याला न परवडणारी गोष्ट चौघांनी मिळून करणे, हा धडा या जिल्ह्याला नवा नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, तो याच तत्त्वावर. चार शेतकऱ्यांनी एकत्र बसून तारेचा खर्च वाटून घेणे हे त्याच तत्त्वाचे लहान रूप होय. मात्र असे करताना तार कोणाच्या मालकीची व दुरुस्ती कोणी करावयाची, हे चालकाकडून लेखी घ्यावे.

जोडणी घेण्यापूर्वी व नंतर

विद्यार्थ्यांनी पालकांस सांगावयाच्या गोष्टी फलकावर लिहाव्या.

१. प्रथम एक महिन्याचेच पैसे भरावे. वर्षाचे आगाऊ भरल्यास सूट मिळते; परंतु एक महिना, शक्य तर पावसाळ्यातील, अनुभव घेतल्याविना ती घेऊ नये.
२. प्रत्येक रकमेची पावती कंपनीच्या नावाची घ्यावी. गावातील माणूस पुष्कळदा केवळ मध्यस्थ असतो.
३. आधारची प्रत देताना तीवर ‘इंटरनेट जोडणीसाठी’ असे लिहून तारीख घालावी. बँकेचा ओटीपी कोणासही सांगू नये.
४. जोडणी बंद करावयाची झाल्यास किती दिवस आधी कळवावे, यंत्र परत करावे लागते काय व अनामत केव्हा मिळते, हे आधीच विचारावे.
५. बिघाड झाल्यास नुसते तोंडी सांगून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा व तो वहीत तारखेसह लिहावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.
६. तेथेही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक आयोगास ऐकता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

स्वाध्याय

१. ६० एमबीपीएस वेगाने ६०० मेगाबाइटची चित्रफीत उतरवून घेण्यास किती वेळ लागेल? (उत्तर : ८० सेकंद)
२. आपल्या घराच्या टिपणावरून महिन्याची डेटाची गरज काढा.
३. एका योजनेचा दर महिना ४५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी आहे. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यास सातवा महिना विनामूल्य मिळतो. तर प्रत्येक महिन्यास सरासरी किती खर्च पडतो? (उत्तर : सुमारे ४५५ रुपये)
४. वरील वस्तीवर चारांऐवजी सहा घरांनी तार आणली, तर प्रत्येकाच्या वाट्यास किती रक्कम येईल? (उत्तर : २,४०० रुपये)
५. आपल्या वाडीतील किंवा आळीतील दोन घरी जाऊन तीन वेळांचा वेग सात दिवस मोजा व आलेख काढा.

पाचवा स्वाध्याय गटाने करावा व त्याचे आलेख शाळेच्या भिंतीवर लावावे. पालकसभेच्या दिवशी गावकऱ्यांनी ते पाहिले, म्हणजे गावात कोणत्या बाजूस कोणती जोडणी खरोखर चालते याची माहिती सर्वांस एकत्र मिळेल. असा तक्ता कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत नसतो. तो त्या गावची मुलेच तयार करू शकतात.

समारोप

यापुढे पालकाने ‘कोणता प्लॅन घ्यावा?’ असे विचारल्यास शिक्षकाने एकदम नाव सांगू नये. त्याने उलट विचारावे : घरात कितीजण, किती वेळ वापरणार? घर कोठे आहे व तेथवर काय पोचते? दोन वर्षांचे किती पैसे होतात? पालकास ही उत्तरे देता आली नाहीत, तर त्याच्या मुलास हाक मारावी व वही उघडण्यास सांगावे. ज्या घरातील सातवीतला मुलगा किंवा मुलगी हा हिशेब आपल्या वडिलांना समजावून देईल, त्या घरी हा पाठ सफल झाला असे समजावे.